घाबऱ्या जिवाचे औषध

काळजी कुणाला नसते? पाऊस लांबला की शेतकऱ्याला असते, मुलीचे लग्न ठरत नाही म्हणून आईला असते, निकालाच्या आदल्या रात्री मुलाला असते आणि त्याच्या मास्तरांनाही असते. ही काळजी कारण सरले की सरते. तिला औषध लागत नाही.

आज मी बोलणार आहे ती वेगळ्या काळजीविषयी. कारण काही नसताना, किंवा कारणाच्या मानाने कितीतरी अधिक, धास्ती वाटू लागते. छाती धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, घशाला कोरड पडते. आता आपण मरणार असे वाटून माणूस रात्री-अपरात्री दवाखाना गाठतो, आणि तिथे हृदयाचा आलेख काढावा तर तो अगदी चांगला निघतो. हे महिनोन् महिने चालते. मग तो बाजाराला जायचे टाळतो, एस.टी.त बसायचे टाळतो, चार माणसांत बोलायचे टाळतो. घरचे म्हणतात, 'याचा जीव घाबरा होतो.' कुणी बाहेरचे काही असेल म्हणून देवऋष्याकडे नेतात. वैद्यकात याला चिंताविकार म्हणतात. तो आजार आहे आणि त्यावर औषधे आहेत.

पण औषधांचे नाव काढले की दोन तऱ्हेची माणसे भेटतात. एकाला कुणीतरी कधीतरी झोपेची म्हणून बारीकशी गोळी लिहून दिली होती. तो ती गेली दहा वर्षे दुकानातून आणून घेतो आहे, आणि एक दिवस चुकली तर त्याचे हात थरथरतात. दुसरा असतो तो आजाराने अर्धा झाला तरी गोळीला हात लावत नाही. का, तर म्हणे, 'त्या गोळ्यांची सवय लागते.' एक औषधाने अडकला आहे आणि दुसरा औषधावाचून. दोघांनाही एकाच गोष्टीची माहिती नाही: घाबऱ्या जिवावरची औषधे एका जातीची नाहीत. ती दोन जातींची आहेत, आणि या दोन जाती वेगळ्या ओळखायला वैद्यकाला शंभर वर्षे लागली. ती हकीकत आज सांगायची आहे.

या कामाचे सर्वांत जुने औषध म्हणजे दारू. ते कुणी शोधले, कधी शोधले, हे विचारण्यात अर्थ नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. दारू पहिल्या अर्ध्या तासात भीती घालवते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती व्याजासकट परत करते. पुढे येणाऱ्या पुष्कळ औषधांची कुंडली हीच आहे.

कारखान्यातून आलेले पहिले औषध म्हणजे ब्रोमाइड. १८२६ साली बालार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मिठागराच्या पाण्यातून ब्रोमीन हे मूलद्रव्य वेगळे काढले. १८५७ मध्ये लंडनचे सर चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडने आकडी थांबते असे आपल्या सहव्यवसायी डॉक्टरांना सांगितले. हे लोकॉक व्हिक्टोरिया राणीचे प्रसूतितज्ज्ञ होते. आकडी थांबते, म्हणजे मज्जा शांत होते, तर मग नुसत्या घाबरटपणालाही ते का देऊ नये, असा विचार झाला आणि पाहता पाहता ब्रोमाइड घरोघर गेले. खोड एवढीच की ते शरीरातून फार हळू बाहेर पडते. आजच्या डोसातले निम्मे निघून जायला दहा-बारा दिवस लागतात आणि तोवर रोजचा नवा डोस पोटात जातच असतो. मग माणूस मंद होतो, अडखळत चालतो, अंगावर पुळ्या उठतात, शेवटी भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. अशा कित्येकांना लोकांनी वेडे समजून वेड्यांच्या इस्पितळात नेऊन ठेवले. आजार निराळा होता आणि वेड औषधाने आणले होते.

१८६९ मध्ये बर्लिनच्या लीब्राइख यांनी क्लोरल हायड्रेट हे झोपेचे औषध म्हणून पुढे आणले. या नावाकडे लक्ष असू द्या. ते आपल्याला शेवटी पुन्हा भेटणार आहे, तेही आपल्या शेजारी.

मग १९०३ साल उजाडले. एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग या जर्मन शास्त्रज्ञांनी बार्बिटाल हे औषध काढले. ते 'व्हेरोनाल' या नावाने विकले जाऊ लागले. १९१२ मध्ये त्याचेच भावंड फिनोबार्बिटोन आले. या घराण्याला बार्बिट्युरेट म्हणतात. ब्रोमाइडची घाण चव नाही, पुळ्या नाहीत, गोळी घेतली की झोप. पुढची पन्नास वर्षे जगभर यांचेच राज्य होते.

या औषधांत दोन खोटी निघाली. पहिली अशी, की झोप आणणारा डोस आणि श्वास बंद पाडणारा डोस यांत अंतर फार थोडे. शरीराला सवय होते तशा झोपेसाठी अधिक गोळ्या लागतात, पण मरणाची रेघ काही त्या प्रमाणात पुढे सरकत नाही. वर थोडी दारू पोटात असली तर बघायलाच नको. १९६२ मध्ये हॉलिवुडची प्रसिद्ध नटी मॅरिलिन मन्रो गेली ती याच औषधांनी. दुसरी खोट १९५० मध्ये अमेरिकेतल्या लेक्सिंग्टन येथील रुग्णालयात हॅरिस इझ्बेल यांनी दाखवून दिली. काही कैद्यांना त्यांच्या संमतीने महिनोन् महिने बार्बिट्युरेट देऊन मग ते एकदम बंद केले. त्यांना आकड्या आल्या, भ्रम झाला. कैद्यांवर असे प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि तेच योग्य. पण त्या दिवसापासून 'सवय म्हणजे मनाचा कमकुवतपणा' हे बोलणे खोटे ठरले. सवय शरीराला लागते.

इथे एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. फिनोबार्बिटोन हे अपस्माराचे, म्हणजे मिरगीचे, आजही उपयोगी औषध आहे. आपल्याकडे ते गार्डिनल या नावाने पुष्कळांना माहीत आहे. हे भाषण ऐकून मिरगीच्या रोग्याने आपली गोळी बंद करू नये. तशी ती एकाएकी बंद केली तर आकडीवर आकडी येऊन प्राणावर बेतते.

आता आपल्या देशात येऊ, कारण या गोष्टीतला एक चांगला अंक इथे घडला. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना जुन्या काळापासून ठाऊक आहे. तिची मुळी निद्रानाशावर आणि उन्मादावर देत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर गुणकारी असल्याचे लिहून प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतून निरनिराळी द्रव्ये वेगळी काढली. पण पश्चिमेच्या डॉक्टरांचे डोळे उघडले ते मुंबईमुळे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रोग्यांना सर्पगंधा देऊन त्यांच्या रक्तदाबाची काळजीपूर्वक नोंद ठेवली आणि १९४९ मध्ये ती ब्रिटनमधल्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापली. त्यानंतर स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये मुळीतले मुख्य द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव रेसरपीन.

रेसरपीन घेतलेला रोगी बेशुद्ध होत नसे, जागा असूनही निवांत राही. झोप न आणता शांत करणारे औषध, ही कल्पनाच नवीन होती. अशा औषधांना इंग्रजीत 'ट्रँक्विलायझर' म्हणू लागले, आपण शामक म्हणू, आणि हा शब्द रूढ झाला त्यात आपल्या सर्पगंधेचा मोठा वाटा आहे. १९५५ मध्ये लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयात डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंतेने व खिन्नतेने त्रासलेल्या रोग्यांवर रेसरपीनची परीक्षा केली. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि कुणाला कोणती ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवायचे. मनाच्या आजारावरील औषधाची अशी निःपक्षपाती परीक्षा झाली ती पहिल्या काहींपैकी एक. औषध पोकळ गोळीपेक्षा सरस ठरले. १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

एवढे असून रेसरपीन टिकले नाही. त्याने रक्तदाब उतरायचा, नाक चोंदायचे, आणि काही रोगी उदास झाल्याच्या तक्रारी आल्या. आपली म्हणून तिची फाजील तारीफ करण्यात अर्थ नाही. शिवाय तिच्याहून सोयीचे औषध तोवर अमेरिकेच्या बाजारात आले होते.

ते औषध काढणारे फ्रँक बर्गर. मूळचे चेकोस्लोव्हाकियाचे. हिटलरचे सैन्य आले तेव्हा देश सोडून ते इंग्लंडला गेले. महायुद्धाच्या अखेरीस त्यांना काम मिळाले ते पेनिसिलिन नासू नये म्हणून त्यात घालायला काही द्रव्य शोधण्याचे. मनाशी त्या कामाचा काडीइतका संबंध नव्हता. एक द्रव्य त्यांनी उंदरांना टोचले. उंदीर लुळे पडले, पण डोळे उघडे, श्वास नीट, थोड्या वेळाने पुन्हा चालू लागले. शास्त्रज्ञाचा गुण इथे दिसतो. दुसरा असता तर 'हे आपल्या कामाचे नाही' म्हणून त्याने बाटली बाजूला ठेवली असती. बर्गरांनी ते १९४६ मध्ये लिहून प्रसिद्ध केले, मग ते अमेरिकेत गेले, आणि तिथे त्यांच्या सहकाऱ्याने १९५० मध्ये त्याच वळणाचे पण अधिक काळ टिकणारे मेप्रोबामेट तयार केले. १९५५ मध्ये ते न्यू जर्सी राज्यातल्या मिलटाउन या लहानशा गावाच्या नावाने विक्रीस निघाले.

मग जे झाले ते औषधांच्या इतिहासात पूर्वी कधी झाले नव्हते. नट-नट्या, दुकानदार, गृहिणी, सगळे मिलटाउन मागू लागले. औषधांच्या दुकानांवर 'मिलटाउन संपले, उद्या मिळेल' अशा पाट्या लागल्या. विनोदी नट त्यावर कोट्या करू लागले. आजारी कोण आणि नुसता कंटाळलेला कोण, हे बघायला कुणाला सवड राहिली नाही. औषध निरुपद्रवी आहे, सवय लागत नाही, असे सांगण्यात येत होते. ती लागते हे काही वर्षांतच उघड झाले, आणि १९७० मध्ये अमेरिकेने ते नियंत्रित औषधांच्या यादीत घातले. युरोपात २०१२ मध्ये ते बाजारातून काढण्याचा निर्णय झाला.

मिलटाउनचा खप पाहून दुसऱ्या कंपन्यांच्या तोंडाला पाणी सुटले नसते तरच नवल. हॉफमन-ला रोश या स्विस कंपनीने न्यू जर्सीतल्याच नटली येथील आपल्या प्रयोगशाळेत लिओ स्टर्नबाख यांना कामाला लावले. पोलंडमध्ये तरुणपणी रंगद्रव्यांवर काम करताना त्यांनी एका जातीची रसायने बनवली होती, ती त्यांनी पुन्हा हाती घेतली. चाळीसएक करून पाहिली. एकही उपयोगी पडेना. वरिष्ठांनी दुसरे काम सांगितले. १९५७ मध्ये टेबल आवरताना एका सहकाऱ्याला न तपासलेली एक पूड सापडली. टाकायची तर एकदा तपासून टाकू, म्हणून ती प्राण्यांवर करून पाहणाऱ्यांकडे धाडली. तीच पूड १९६० मध्ये लिब्रियम म्हणून बाजारात आली, आणि १९६३ मध्ये तिचीच अधिक जोरकस बहीण डायझेपाम, म्हणजे व्हॅलियम. या घराण्याचे नाव बेंझोडायझेपीन. आपल्याकडे डायझेपाम १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'काम्पोज' या नावाने आले आणि तो शब्द खेड्यापाड्यांपर्यंत इतका पोचला की झोपेच्या कोणत्याही गोळीला लोक काम्पोज म्हणू लागले.

या औषधाचा खरा गुण मान्य केला पाहिजे. नुसती ही गोळी कुणी जास्त खाल्ली तर बार्बिट्युरेटसारखा श्वास सहसा बंद पडत नाही. त्यामुळे हजारो जीव वाचले असतील. अर्धा-पाऊण तासात धडधड थांबते. आकडी थांबवायला, शस्त्रक्रियेपूर्वी धीर द्यायला, दारू सोडणाऱ्याला सांभाळायला आजही हे औषध लागतेच. १९६९ पासून पुढे डझनभर वर्षे अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सर्वाधिक खपणारे औषध व्हॅलियम होते. १९७८ या एका वर्षात त्याच्या सव्वादोन अब्जांहून अधिक गोळ्या विकल्या गेल्या.

आणि पुन्हा तीच कथा. याचीही सवय लागत नाही असे वाटत होते. खरे तर १९६१ मध्येच, लिब्रियम बाजारात येऊन वर्ष होते न होते तोच, लिओ हॉलिस्टर यांनी मोठे डोस काही महिने देऊन एकदम बंद केले तर त्रास होतो, क्वचित आकडीही येते, हे दाखवले होते. पण डोस मोठे होते, साध्या डोसाला तसे होणार नाही, अशी समजूत करून घेतली गेली. साध्या डोसालाही होते हे पटायला आणखी वीस वर्षे गेली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये एडवर्ड केनेडी यांच्या समितीपुढे माणसांनी येऊन आपले हाल सांगितले. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने डॉक्टरांना बजावले की चिंता तीव्र असेल तरच ही गोळी द्यावी आणि दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नये.

असे का होते, ते आता कळले आहे. मेंदूत एक नैसर्गिक ब्रेक असतो. गाबा नावाचे द्रव्य तो दाबते. दारू, बार्बिट्युरेट, मिलटाउन, डायझेपाम ही सगळी आपापल्या परीने त्याच ब्रेकवर पाय ठेवतात. डायझेपाम मेंदूत नेमके कुठे बसते ते १९७७ मध्ये डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी शोधले. आता अशी कल्पना करा, की घाटात एस.टी.च्या ड्रायव्हरने ब्रेकवर पाय ठेवला आहे आणि तो काढतच नाही. गाडी पुढे जायलाच हवी, म्हणून इंजिन जास्त जोर करू लागते. महिनोन् महिने असे चालले, इंजिनाला त्या जोराची सवय झाली, आणि एके दिवशी ड्रायव्हरने पाय एकदम उचलला. गाडी कशी सुटेल? तसेच मेंदूचे होते. थरथर, घाम, झोप नाही, पहिल्यापेक्षा दुप्पट धास्ती, आणि कधी आकडी. माणूस म्हणतो, 'बघा, गोळी बंद केली की माझा आजार उलटतो.' पुष्कळदा तो आजार नसतो. गोळी सुटल्याचा त्रास असतो.

म्हणूनच ही गोळी सोडायची ती हळूहळू. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे हेदर ॲश्टन या डॉक्टरबाईंनी १९८२ पासून बारा वर्षे खास यासाठीच दवाखाना चालवला. त्या थोडा थोडा डोस कमी करीत, कुणाला काही महिने, कुणाला वर्षभर. रोग्याला जितके सोसेल तितकेच. हे काम डॉक्टरच्या देखरेखीखालीच करायचे असते.

आता दुसऱ्या जातीकडे वळतो. तिचा शोध एका साध्या निरीक्षणातून लागला, आणि मला ही हकीकत या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडते.

१९५९ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात डोनाल्ड क्लाइन हे तरुण डॉक्टर होते. त्यांच्याकडे काही रोगी असे होते की त्यांना मधूनच भीतीचा प्रचंड झटका येई. 'मी मरतो आहे' म्हणत ते नर्सच्या टेबलाकडे धावत. इतर औषधांनी गुण येईना. तेव्हा इमिप्रामीन नावाचे, खिन्नतेवरचे, नवे औषध आले होते. क्लाइननी म्हटले, बघू देऊन. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला, काही नाही. रोगी म्हणे बरे वाटत नाही, डॉक्टरलाही फरक दिसेना. काही आठवड्यांनी नर्सबाई म्हणाल्या, 'गुण आला आहे.' कसा काय? तर तो रोगी कित्येक दिवसांत त्यांच्या टेबलाकडे धावत आला नव्हता. झटके थांबले होते. आता झटका येईल ही धास्ती मात्र तशीच होती, म्हणून तो स्वतः काही बरे वाटत नाही म्हणत होता. औषधाने झटका गेला, झटक्याची भीती राहिली. ती धीर देऊन, थोडे थोडे बाहेर नेऊन घालवावी लागली.

डॉक्टरला न दिसलेले नर्सला दिसले, हे शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी जरूर ध्यानात घ्यावे. कारण मूल शाळेला यायचे टाळते आहे, रोज पोट दुखते म्हणते आहे, हे पहिल्यांदा तुम्हालाच दिसते.

इमिप्रामीन ब्रेकवर पाय ठेवीत नाही. ते मेंदूतल्या निरोप्या द्रव्यांचे प्रमाण बदलते, आणि मेंदू सावकाश, आठवड्या-आठवड्यांनी, स्वतःला नवे वळण लावतो. म्हणून त्याला वेळ लागतो. पण त्याला तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ, हृदयाच्या ठोक्यांत बिघाड असे दोष होते. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटीनला परवानगी मिळाली, आणि पुढे त्याच जातीची सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्रॅम वगैरे औषधे आली. चिंताविकारात आज बहुतेक ठिकाणी पहिली निवड हीच. यांना खिन्नतेची औषधे म्हणतात म्हणून कुणी बिचकू नये. नाव एका कामावरून पडले, काम दोन्हींकडे होते.

ही औषधे घेणाऱ्याला काही गोष्टी आधी सांगितल्या तर तो मध्येच सोडून देत नाही. पहिला आठवडा-पंधरवडा मळमळते, डोके दुखते, आणि धास्ती उलट थोडी वाढल्यासारखी वाटते. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने ते वर्ष ती चालू ठेवावी लागतात. काहींची कामेच्छा कमी होते. हे लाजून लपवू नये, डॉक्टरला सांगावे, डोस किंवा औषध बदलता येते. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींच्या मनात सुरुवातीला जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, इकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे. अमेरिकेत २००४ पासून याचा इशारा औषधाबरोबर छापला जातो.

यांची सवय लागते का? दारूसारखी ओढ लागत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही. पण एकदम बंद केली तर चक्कर, बेचैनी, डोक्यात वीज चमकल्यासारखे वाटणे असा त्रास होतो. हा त्रास चार दिवसांचा आणि किरकोळ, असे बरीच वर्षे सांगितले गेले. काहींना तो तीव्र आणि लांबट होतो हे ब्रिटनच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये मान्य केले. म्हणजे इथेही आधी थोडे गोड बोलणे झालेच. सोडताना ही औषधेही डॉक्टरला विचारून हळूहळूच सोडायची.

आणखी दोन औषधांचा नुसता उल्लेख करतो. बुस्पिरोन हे सावकाश काम करणारे, सवय न लावणारे औषध अमेरिकेत १९८६ पासून आहे. प्रोप्रॅनोलॉल हे खरे तर हृदयाचे औषध. १९६६ मध्ये त्याने धडधड आणि थरथर थांबते असे दिसले, म्हणून गवई, वादक, वक्ते ते सभेपूर्वी घेऊ लागले. दम्याच्या रोग्याने मात्र ते चुकूनही घेऊ नये, श्वासनळ्या आवळतात. आणि गोळीवाचूनही उपाय आहे. शिकलेल्या समुपदेशकाबरोबर बसून, भीतीच्या विचारांची छाननी करून, टाळलेल्या जागी पायरीपायरीने जाणे. हा उपाय औषधाच्या तोडीचा ठरला आहे. अडचण एवढीच की असा समुपदेशक तालुक्याच्या गावी सहज मिळत नाही आणि गोळी मिळते.

गोळी किती सहज मिळते, त्याची एक गोष्ट आपल्या नांदेड जिल्ह्याला लागून आहे. तेलंगणात ताडी फार पितात. ताडी पुरत नाही तेव्हा पाण्यात क्लोरल हायड्रेट, डायझेपाम किंवा अल्प्राझोलाम मिसळून ती 'ताडी' म्हणून विकतात. तेच ते १८६९ चे क्लोरल हायड्रेट. २०१५ मध्ये सरकारने ही भेसळ अडवली, तेव्हा निजामाबाद आणि महबूबनगर भागांत ताडी पिणारी माणसे भ्रमिष्टासारखी बडबडत, आकड्या येत इस्पितळांत दाखल होऊ लागली. आपण रोज झोपेची औषधे घेतो आहोत याचा त्यांतल्या पुष्कळांना पत्ताही नव्हता.

आपल्या सरकारने १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड ही औषधे 'एच-वन' या यादीत घातली आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. दुकानदाराने डॉक्टरचे नाव, रोग्याचे नाव, औषध आणि किती दिले, हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. तुमच्या घरात अशी गोळी वर्षानुवर्षे कुणी घेत असेल तर पाकिटावर लाल चौकट आहे का पाहा. असली तर ती आज फेकून देऊ नका. पाकीट घेऊन डॉक्टरकडे जा आणि ती किती वर्षे चालू आहे ते खरे सांगा. दारू किंवा खोकल्याचे अफूजन्य औषध तिच्यासोबत घेत असाल तर तेही सांगा, कारण ही जोडी श्वास बंद पाडते. आणि छातीत पहिल्यांदाच दुखले असेल तर आधी हृदय तपासून घ्या, मग मनाचा विचार.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात ही तपासणी होते. तिथवर जाणे जमत नसेल तर १४४१६ हा सरकारचा 'टेलि-मानस'चा फोन आहे. तो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, त्याला पैसे पडत नाहीत, रात्रीही कुणीतरी उचलते, आणि मराठीत बोलता येते.